पोळ्याचं गाव आणि फेब्रुवारीचं गाव

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका तरुण ग्रामपंचायत सदस्यानं विचारलंय: "२००१ पेक्षा २०११ च्या जनगणनेत आमच्या गावाची लोकसंख्या दीड-पावणेदोनशेनं कमी दिसते. शाळेचा पट निम्म्यावर आलाय. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात वर्षाला जेमतेम चार-पाच जन्म. म्हातारे म्हणतात कुटुंबनियोजनानं गाव बसलं, आमच्या वयाचे म्हणतात दुष्काळानं लोक गेले. खरं कारण काय? आणि गाव असंच संपत जाणार का?"

भाऊ, तुम्ही तीन वेगळ्या वह्यांतले आकडे एका ओळीत मांडलेत आणि तिघांचं मिळून एकच कारण विचारताय. जनगणना, शाळेची हजेरी आणि जन्माचं रजिस्टर, तिघांची मोजायची रीत निराळी. त्यामुळे आधी वह्या तपासू, मग माणसांकडे वळू. दुष्काळ आणि कुटुंबनियोजन दोन्ही खरं आहे, पण तुमच्या दीड-पावणेदोनशे माणसांमागे कदाचित तिसरंच काही असेल, आणि ते म्हणजे फेब्रुवारी महिना.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे कशाच्या बळावर बोलते ते कळेल. १९९१ ला मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, तेव्हा प्रगणक म्हणून घरोघर फिरले. २००१ ला पर्यवेक्षक होते. पुढे कॉलेजात भूगोल शिकवला आणि दर वर्षी पोरापोरींना घेऊन बीड, लातूर, परभणीतल्या एखाद्या गावात घरनिहाय पाहणी करायची असा नेम ठेवला. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही. म्हणून खाली जे सांगते ते ताडून बघायची जबाबदारी तुमची.

जन्माचं रजिस्टर आधी बाजूला ठेवा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्यानुसार जन्म जिथे झाला तिथे त्याची नोंद होते, आई-बाप राहतात त्या गावी नव्हे. पूर्वी सुईण घरी यायची, बाळंतपण माजघरात व्हायचं, नोंद गावात पडायची. आता सून अंबाजोगाईच्या नाहीतर केजच्या दवाखान्यात बाळंत होते. पहिलं बाळंतपण तर माहेरीच. तुमच्या गावचं लेकरू दुसऱ्याच रजिस्टरात जातं. याच रजिस्टरावर विसंबून मी एकदा तोंडघशी पडलेय. एका गावात जन्म तिपटीनं घटले असं पाहणीत लिहिलं आणि ग्रामसभेत वाचूनही दाखवलं. मागं बसलेल्या अंगणवाडीताई उठल्या, घरी गेल्या आणि त्यांची सर्वेक्षणाची वही घेऊन आल्या. सहा वर्षांखालचं एकेक लेकरू नावासकट त्यात होतं. तेव्हापासून मी गावात गेले की आधी अंगणवाडीत जाते, ग्रामपंचायतीत नंतर.

शाळेच्या पटाचंही तसंच. सकाळी सात-साडेसातला वेशीत किती पिवळ्या गाड्या उभ्या राहतात ते मोजा. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणारं पोर गावातच राहतं, फक्त तुमच्या हजेरीत नसतं.

आणखी एक गोष्ट बघून घ्या: २००१ ते २०११ च्या मधे तुमच्या गावातला एखादा तांडा किंवा वाडी वेगळं महसुली गाव झाली का? तसं झालं असेल तर माणसं कुठेही गेलेली नसतात, फक्त रेघ सरकलेली असते. तलाठ्याला विचारलंत तर पाच मिनिटांत कळेल. असं काही झालंच नसेल तर पुढे वाचा.

कुठल्याही गावाच्या लोकसंख्येचा हिशेब चारच गोष्टींचा: जन्मले किती, मेले किती, बाहेरून आले किती, बाहेर गेले किती. पाचवं काही नसतं. सगळा वाद या चारांपैकी कोणाचं पारडं जड यावर असतो. "दुष्काळानं लोक गेले" असं म्हणताना आपण चौथ्या गोष्टीवर बोट ठेवतो आणि उरलेल्या तिघी विसरतो.

आता जिल्ह्याचा आकडा बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. बीड जिल्ह्याची १९.६ टक्क्यांनी. म्हणजे दुष्काळी म्हणवणारा आपला जिल्हा राज्यापेक्षा जोरात वाढला! औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, सुमारे २८ टक्क्यांनी वाढलं. ते समजू शकतं, तिथे वाळूज, चिकलठाणा अशा औद्योगिक वसाहती आहेत. उस्मानाबाद, म्हणजे धाराशिव, मात्र साडेअकरा टक्क्यांवरच राहिलं. आणि याच दहा वर्षांत ज्या जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली त्यांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आहेत. जिथे पाऊस धो धो पडतो तिथली माणसं कमी झाली, आणि आपण, ज्यांना मृगाची वाट बघत बसावं लागतं, ते वाढलो. पाऊस आणि माणूस यांचं नातं इतकं सरळ असतं तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं.

लातूरचंच घ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण त्याच लातुरात शिकवणीसाठी राज्यभरातून पोरं येऊन राहतात. शहराची लोकसंख्या २००१ ला तीन लाखांच्या आतबाहेर होती, २०११ ला ३ लाख ८२ हजारांवर गेली. पाणी नसलेल्या गावाकडे माणसं चालत आली, कारण तिथे त्यांना दुसरं काही मिळत होतं.

मग तुमच्या गावाचं काय झालं? त्यासाठी मला १९९१ चा फेब्रुवारी सांगावा लागेल.

बालाघाटच्या डोंगरातली एक वाडी होती, चाळीसेक उंबऱ्यांची. मी आणि सोबत कोतवाल. सकाळी दहा वाजता पोचलो तर गल्लीत चिटपाखरू नाही. ओळीनं कुलपं. ज्या घरांना कुलूपही नव्हतं त्यांच्या दाराला बाभळीच्या काटेरी फांद्या लावलेल्या, शेळ्या-कुत्री आत शिरू नयेत म्हणून. एका ओसरीवर एक आजी बसलेली, भोवती चार नातवंडं, पुढ्यात एकाच परातीत भाकरीचा काला. मी विचारलं, बाकीची मंडळी कुठे? "कारखान्याला. पाडवा झाला की येतेत." म्हणजे साखर कारखान्याच्या ऊसतोडीला. दोन लेक, दोन सुना आणि त्यांची दोन तान्ही सोबत गेलेली. मी पेन थांबवलं तशी आजी म्हणाली, "लिही की माय सगळ्यांची नावं. मेलेत का काय ते?"

मी लिहिली नाहीत. नियम असा होता, आणि २००१ व २०११ लाही तोच: मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत. या वीस दिवसांत जो माणूस एकदाही घरी नव्हता त्याला घरी धरायचं नाही, तो जिथे असेल तिथे मोजला जाईल. माझ्या तक्त्यात ते घर पाच जणांचं झालं. घर होतं अकराचं.

नियम कागदावर चुकीचा नाही. पण तो मानतो की माणूस जिथे असेल तिथे त्याला मोजायला कुणीतरी पोचेल. कारखान्याच्या बाजूला काय होतं ते मी पुढे विद्यार्थ्यांबरोबर उसाच्या फडावर जाऊन पाहिलं. घरांची यादी आदल्या वर्षी, ऊसतोड टोळ्या गावी परतल्यावर झालेली असते. तेव्हा कोप्यांच्या, म्हणजे टोळीच्या झोपड्यांच्या, जागी नुसतं रान असतं. फेब्रुवारीत प्रगणक यादी घेऊन येतो तेव्हा तिथे पाचटाच्या कोप्या उभ्या असतात, ज्यांना घर क्रमांकच नाही. शिवाय माणसं पहाटे चारला फडात गेलेली. कोपीत एखादी आठ-नऊ वर्षांची पोरगी तान्ह्याला झोळीत हलवत बसलेली. तिला काय विचारणार? वर तिथल्या माणसांची समजूत अशी की "हे बीडवाले, तिकडं मोजले असतील." आठवड्यानं टोळी पुढच्या फडावर, कधी दुसऱ्याच गावात. इकडे नाही, तिकडेही नाही.

तुम्ही हुशार असाल तर इथे मला अडवाल: "बाई, २००१ लाही फेब्रुवारीच होता. मग तेव्हा जास्त का?" बरोबर. फेब्रुवारीमुळे गाव खऱ्यापेक्षा लहान का दिसतं ते कळतं, दहा वर्षांत ते आणखी लहान का झालं ते नाही. त्यासाठी दोन गोष्टी शोधाव्या लागतील. एक, २०००-०१ च्या हंगामात तुमच्या गावातून किती कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गेले होते आणि २०१०-११ ला किती. ही माहिती सरकारी कागदात नाही, टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या डोक्यात आहे, आणि बहुतेक मुकादमांना ती तोंडपाठ असते, कारण उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, बुडवलेल्या माणसाला ते विसरत नाहीत. दुसरी गोष्ट, दोन्ही वेळेला प्रगणक कोण होता. पर्यवेक्षक असताना मी असे तक्ते पाहिलेत की गावातच राहणाऱ्या गुरुजींनी मायेपोटी कारखान्याला गेलेल्या सगळ्यांची नावं लिहून टाकली, आणि शेजारच्या गावात बाहेरून आलेल्या गुरुजींनी नियमावर बोट ठेवून अर्धं गाव वगळलं. तीस कुटुंबं अशी इकडची तिकडे झाली की तुमचे दीडशे जण भरतात.

हे ताडून बघायची एक युक्ती सांगते. जनगणनेचा गावनिहाय गोषवारा मिळतो. त्यात एकूण घरं, पुरुष, स्त्रिया आणि ० ते ६ वयाची मुलं असे रकाने असतात. २००१ आणि २०११ शेजारी ठेवा. ऊसतोडीला जोडपं जातं, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि अंगावरची लेकरं सोबत. त्यामुळे कोयत्यांमुळे आकडा घटला असेल तर पुरुष, बाया आणि लहान मुलं तिघं घटतात, पण घरांची संख्या तेवढी घटत नाही, कारण म्हातारी मागं असते. घरामागं माणसं कमी झालेली दिसतात. वाळूज, चाकण, रांजणगावला कामाला गेलेल्यांमुळे घटला असेल तर आधी पुरुष कमी होतात, बाया तितक्या नाही. कारण पोरगा आधी एकटा जातो, चौघं मिळून पत्र्याची खोली घेतात, बायकोला न्यायला दोन-चार वर्षं जातात. आणि जन्म घटल्यामुळे असेल तर ० ते ६ चा रकाना उतरतो, मोठ्यांचा आकडा जागच्या जागी. तुमच्या गावात या तिघांचं मिश्रण निघेल. पण कोणाचा वाटा मोठा ते दिसेल.

आता म्हाताऱ्या मंडळींच्या म्हणण्याकडे येते, कारण ते अगदीच खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका बाईला सरासरी होणारी मुलं २००५-०६ मध्येच २.१ वर आली होती, २०१९-२१ ला १.७. लोकसंख्या पिढ्यानपिढ्या तेवढीच राहायला साधारण २.१ लागतात. म्हणजे राज्य त्या रेषेच्या खाली जाऊन बराच काळ झाला. मग बीडची लोकसंख्या तरी वाढत का राहिली? त्याची दोन कारणं. आधीच्या पिढीत मुलं जास्त होती, ती आता आई-बाप होण्याच्या वयाची आहेत. प्रत्येकीला दोनच झाली तरी आयाच संख्येनं जास्त. ही गाडी ब्रेक लावल्यावरही बरीच पुढे जाते.

दुसरं कारण आपल्या भागाचं खास, आणि ते बोलायला कुणाला आवडत नाही. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत परभणी आणि बीड जिल्ह्यांत विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. याची गाठ कोयत्याशी आहे. एकट्या पोराला मुकादम अर्धा कोयता धरतो, उचल त्या हिशेबानं. लग्न झालं की पूर्ण कोयता. इकडे मुलीचे आई-बाप सहा महिने फडावर जाणार, वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या भरवशावर कशी ठेवायची ही धास्ती. मग दसऱ्याच्या आत लग्न उरकतं. सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या-एकोणिसाव्याला पहिलं लेकरू, तेविशीत ऑपरेशन. मुलं दोन-तीनच, पण पिढी लवकर उलटते. पाहणीत मला अडतीस वर्षांच्या आज्या भेटल्यात. पुण्यात तेवढ्या वेळात एक पिढी होते, तिथे आपल्याकडे जवळजवळ दोन. मुलं तेवढीच असली तरी अशा गावात एका वेळी जिवंत माणसं जास्त दिसतात.

याच्याच पोटातला आणखी एक आकडा: २०११ ला बीड जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. २००१ ला ८९४ होत्या. दहा वर्षांत एवढी घसरण. त्यातली मोठी पोरं आता लग्नाला येऊ लागलीत. गावोगाव "पोरीच मिळत नाहीत" असं जे ऐकू येतं त्यातला एक वाटा तिथला आहे. शेतीला कोणी पोरगी द्यायला तयार नाही हा दुसरा.

पोरींवरून आठवलं. तुम्ही "लोक गेले" म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे बॅग घेतलेला पोरगा असतो. पण जनगणनेच्या भाषेत सगळ्यात जास्त स्थलांतर करतात त्या बायका. २०११ ला देशात सुमारे ४५ कोटी लोक आपलं आधीचं राहतं ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होते, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांचं कारण लग्न होतं. तुमची आई, तुमची बायको दोघी स्थलांतरित. आपल्याला ते स्थलांतर वाटत नाही कारण जेवढ्या लेकी जातात तेवढ्या सुना येतात आणि हिशेब बरोबर सुटतो. सुना येणं थांबलं की मात्र सुटत नाही. १८८५ साली रॅव्हेनस्टाइन नावाच्या भूगोलतज्ज्ञानं ब्रिटनच्या जनगणना चाळून काही निरीक्षणं मांडली होती: बहुतेक माणसं जवळच्या जवळ हलतात, जवळच्या स्थलांतरात बायका जास्त असतात, आणि प्रत्येक जाण्याच्या ओघासोबत येण्याचाही एक ओघ असतो. मी हे वर्गात शिकवायचे तेव्हा पोरी हसायच्या, कारण त्यांना हे आपल्याच तालुक्याचं वर्णन वाटायचं.

दुष्काळाबद्दल माझं मत असं झालंय: दुष्काळ माणसाला ढकलतो, पण कुठे जायचं हे मुकादम, मेव्हणा नाहीतर गावचा आधी गेलेला पोरगा ठरवतो. एका वाडीतले लोक दोन पिढ्या एकाच कारखान्याला जातात. वाटेत दहा कारखाने लागतात, तिथे उतरत नाहीत. दुसऱ्या वाडीतली पोरं सगळी चाकणला, कारण पहिला तिथे गेला आणि त्यानं एकेकाला ठेकेदाराकडे चिकटवलं. तुमच्या गावातलं पहिलं पाऊल कोणी टाकलं ते शोधा, पुढची वाट आपोआप कळेल.

आणि कायमचं जायला ऐपत लागते. ज्याच्याकडे काहीच नाही तो उचल घेऊन हंगामापुरता जातो आणि त्या उचलीपायी पुढच्या वर्षी पुन्हा जातो. शहरात खोलीचं डिपॉझिट, दोन महिन्यांचा किराणा आणि पोराचं डिप्लोमाचं शिक्षण ज्याला परवडतं तो कायमचा जातो. म्हणून गावातून कायमचे गेलेले बघितले तर ते सगळ्यात गरीब निघत नाहीत, चार-पाच एकरवाले आणि नोकरदारांची मुलं निघतात. गाव रिकामं व्हायचं असेल तर या बाजूनं होतं, आणि त्याची ओरड होत नाही, कारण ही माणसं यात्रेला चारचाकीनं येतात आणि सप्त्याला पंगत घालतात.

थोडं मागचंही सांगते, कारण "पूर्वी माणसं गावातच राहायची" हा समज मला फार भेटतो. १३२७ ला मुहम्मद तुघलकानं दिल्लीतली माणसं दौलताबादला आणून बसवली. १६१० ला मलिक अंबरनं खडकी वसवली, तिचंच पुढे औरंगाबाद झालं. १७०८ ला गुरू गोविंदसिंगांचं नांदेडला निधन झालं आणि त्या जागेभोवती शीख वस्ती रुजली. बंजारा समाजाचं तर आयुष्यच वाटेवर होतं. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून तांडे देशभर फिरायचे. रेल्वे आणि सडका झाल्या, तो व्यापार बसला आणि तांडे डोंगराच्या कडेला, मिळेल त्या माळरानावर टेकले. आज ऊसतोडीला जाणाऱ्यांत तांड्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्यासाठी हलतं राहणं नवं नाही. पूर्वी बैल त्यांचे होते आणि वाट त्यांची होती, आता दोन्ही मुकादमाची, एवढाच फरक.

१९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शिकायला जायचं तर हैदराबाद, तिथलं उस्मानिया विद्यापीठ. कोर्ट-कचेरी, नोकरी तिकडेच. मनमाडहून निघालेली गोदावरी खोऱ्याची रेल्वेही तिकडेच जायची. १९५६ ला राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ ला औरंगाबादला आपलं विद्यापीठ झालं, आणि एका पिढीत माणसांचं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळलं. माझे आजोबा हैदराबादला गेले होते, चुलते मुंबईला, भाचे पुण्याला. तेच घर, तेच कोरडवाहू रान.

मृत्यूबद्दल मी फार बोलले नाही, कारण आता तो गावाचा आकडा ठरवत नाही. पण एके काळी तोच ठरवायचा. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर आली. मधे १९१८ ची मानमोडी होती, ज्याला आता इन्फ्लुएंझाची साथ म्हणतात. बाईला आठ-आठ बाळंतपणं होत होती तरी लोकसंख्या घटली! त्यानंतर भारताची लोकसंख्या एकाही जनगणनेत कमी झालेली नाही. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन, दुष्काळी कामांवर खडी फोडून माणसं तगली. तेव्हा मुंबई-पुण्याकडे गेलेल्यांतले बरेच तिकडेच राहिले, पण भूकबळींनी गावं ओस पडली नाहीत. जुन्या दुष्काळात आणि नव्या दुष्काळात हा फरक आहे: पूर्वी माणसं मरायची, आता निघतात.

तर गाव संपतंय का? मला वाटतं तुमचं गाव तीन जागी राहायला लागलंय. पोळ्याला ते बहुतेक गावात असतं, फेब्रुवारीत त्याचा एक भाग पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडात असतो, आणि एक भाग बारा महिने चाकण-वाळूजला. पहिले दोन भाग एकमेकांत ये-जा करतात. तिसरा हळूहळू मोठा होतोय. तो किती वेगानं मोठा होतो हे तुमच्याकडे पाणी किती टिकतं, दुधाचा-रेशमाचा जोडधंदा आहे का आणि दहावीनंतरचं शिक्षण किती लांब आहे यावर अवलंबून आहे. माजलगाव धरणाच्या कालव्याखालच्या गावांत मी उलटं पाहिलंय: तिथे डोंगराकडची माणसं कामाला येऊन राहतात. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशची पोरं आहेत. आपण जिथून जातो तिथेच दुसरा कोणी येतो.

आता कामाचं. पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण, म्हणजे ज्या घडीची लोकसंख्या धरायची ती घडी, २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ लागतो ती मध्यरात्र अशी जाहीर झालीय. म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, ऐन हंगामात. आकडा कमी लागला तर त्याची किंमत तुम्हीच मोजता. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते, वित्त आयोगाचा निधी लोकसंख्येकडे बघून येतो, आरोग्य उपकेंद्र साधारण पाच हजारांमागे एक, तेही याच आकड्यावर. नियम मोडून गैरहजर माणसांची नावं लिहा असं मी सांगणार नाही. मी तेव्हा लिहिली नाहीत, तुमच्या गुरुजींनीही लिहू नयेत. पण टोळ्या निघायच्या आधी, नवरात्रातच, कोण कुठल्या मुकादमाबरोबर कुठल्या कारखान्याला निघालाय याची यादी ग्रामपंचायतीत करून ठेवा. फेब्रुवारी लागला की ती यादी तहसीलला द्या आणि प्रत त्या कारखान्याच्या तालुक्याला पाठवा, म्हणजे तिकडच्या प्रगणकाला कोप्या शोधाव्या लागणार नाहीत. मुकादमाला सांगा की मोजणीवाला आला की संध्याकाळी ये म्हण, दिवसा नको. ज्यांना त्या वीस दिवसांत लग्नाकार्याला किंवा दवाखान्याला घरी यावं लागणारच आहे त्यांनी आल्या आल्या प्रगणकाला गाठावं, त्यांची नोंद घरीच व्हायला हवी.

आणि येत्या पोळ्याला, बैल फिरून घरी आले की दोन पोरं आणि एक वही घेऊन उंबरे मोजा. माणसं, वय, बाहेर कोण, कुठे, कधीपासून. दोनशे-अडीचशे घरांना तीन दिवस पुरतात. त्याच घरांची फेब्रुवारीत पुन्हा मोजणी करा. दोन्ही आकडे आणि २००१-२०११ चे रकाने मला पाठवा. पुरुष घटलेत की जोडपी, ते आपण मिळून बघू.